साइड ए

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी काचा खाली करून गाडीत बसलो होतो आणि गाडी मला सांगत होती की पेन ड्राइव्हवर वाजवण्याजोगं काहीही नाही. वर इंग्रजीत सांगत होती, म्हणून जास्तच लागलं. बाबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली हीच सतरा गाणी पाच मिनिटांपूर्वी घरात लॅपटॉपवर खणखणीत वाजली होती. मी पेन ड्राइव्ह उपसला, त्यावर फुंकर मारली आणि परत खुपसला. फुंकरीने काय होतं ते विचारू नका. कॅसेटच्या जमान्यात वाढलेला माणूस बिघडलेल्या वस्तूवर आधी फुंकर मारतो, मग चापट.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सांगलीला लग्नाला जायचं होतं. भाचा वरून बिस्किट खात खाली आला. पाच मिनिटं माझी तपश्चर्या बघितली आणि म्हणाला, "मामा, ब्लूटूथ लाव ना. पेन ड्राइव्ह कोण वापरतं आता?" बरोबरच होतं त्याचं. पण ही गाणी ज्या रूपात मला हवी होती, त्या रूपात ती जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

पहिला घोळ पेन ड्राइव्हचाच निघाला. तो ६४ जीबीचा, म्हणजे आतली मांडणी एक्सफॅट. आमच्या गाडीचं शिक्षण फॅट थर्टीटूपर्यंतच झालेलं. बरं, फॉरमॅट करायला घेतला तर ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला लॅपटॉप फॅट थर्टीटूचा पर्यायच दाखवेना. शेवटी ड्रॉवरमधून कुठल्याशा सेमिनारमध्ये फुकट मिळालेला ८ जीबीचा काढला. गाडीने त्याला ओळख दिली. पंधरा गाणी दिसली, दोन दिसेनात. ती दोन मी उत्साहाच्या भरात फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा कणही न गाळणाऱ्या प्रकारात, सेकंदाला ९६ हजार नमुने अशा थाटात साठवली होती. मीडियम वेव्हवरचं गाणं, स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेलं, आणि त्याला ही बडदास्त! गपचूप एमपीथ्री केली. मिनिटाला एक एमबी. पुरे झालं.

बाबा गाणी भरायचे तो सोहळा असायचा. प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायची, पण पॉज आधीच दाबून ठेवलेला. निवेदिकेचं वाक्य संपायच्या बेतात आलं की बाबांचं बोट पॉजवर आणि डोळे आमच्यावर. त्या तीन-चार मिनिटांत घरात कोणी खोकायचं नाही. धाकटी बहीण खोकलीच तर ती कायमची त्या गाण्यात गेली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. भरून झाली की मागची प्लास्टिकची चिमुकली टोकं बाबा स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकत, म्हणजे त्यावर चुकूनसुद्धा दुसरं काही भरलं जाऊ नये. त्या भोकांवर सेलोटेप चिकटवली की परत भरता येतं, हा शोध मला नवव्या वर्षी लागला. म्हणून साइड बीच्या तिसऱ्या गाण्यात, ऐन तानेत, "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" असं एक पोरगं ओरडतं. त्याला त्या संध्याकाळी काय मिळालं ते टेपवर नाही.

असो. पंधराची सतरा झाली, पण क्रम गेला होता. एकनंतर दहा, मग अकरा, सतरापर्यंत जाऊन मग दोन. एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावून ०१, ०२ केलं. तरी गाडीचं आपलं वेगळंच. मग कळलं की ही बाई नावं बघतच नाही. ज्या क्रमाने फाइली ड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमाने वाजवते, पंगतीत आधी बसेल त्याला आधी वाढावं तशी. ड्राइव्ह पुन्हा कोरा केला आणि सतरा गाणी एकेक करून चढवली.

"क्रमाने काय फरक पडतो?" भाचा. आता याला काय सांगणार? कुठल्याही मैफलीत ते नाट्यगीत संपलं की माझ्या कानात आपोआप पुढच्या भावगीताची बासरी सुरू होते. तिथे दुसरंच काही आलं तर पायरी चुकल्यासारखं होतं. त्या दोन गाण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्या दिवशी रेडिओवर ती पाठोपाठ लागली, एवढंच.

गाण्यांची नावं मात्र पडद्यावर चौकोन चौकोन दिसत होती. एमपीथ्रीच्या शेपटाला १९९६ साली १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडली गेली, त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरांची जागा, तीही रोमन अक्षरं धरून. नंतर ऐसपैस चिठ्ठ्या आल्या, पण आमच्या गाडीला देवनागरी कोणी शिकवली नाही. चौकोन तर चौकोन. बाबांनाही कॅसेटच्या कागदावर जागा पुरायची नाही. पहिली चार नावं टपोरी, पाचवं बारीक, आणि आठवं समासात उभं चढवलेलं.

भाच्याने हेडफोन लावून साइड ए ऐकली. "मामा, शेवटच्या गाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे." मी लॅपटॉप मिटला.

रविवारी खेड शिवापूरचा टोल नाका जाईपर्यंत आई लग्नघराची कुळकथा सांगत होती. नंतर तिने मान मागे टेकली, तेव्हा मी गाणी लावली. एकामागून एक चौकोन वाजत राहिले. एरवी ज्या रस्त्यावर फोनचं गाणं दहादा अडखळतं तिथे माझा फुकटचा ८ जीबी मान ताठ ठेवून वाजत होता. मी कौतुकाच्या अपेक्षेने दोनदा बाजूला बघितलं. आई झोपली होती.

खंबाटकीचा चढ लागला आणि साइड एचं शेवटचं भावगीत आलं. दुसऱ्या अंतऱ्यात पहिली शिट्टी झाली. पुढे ट्रक होता, मी गिअर बदलला. तेवढ्यात दुसरी.

"किती झाल्या रे?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"दोन."

"तिसरी झाली की गॅस बंद करायला सांग त्यांना."

तिसरी टेपवर नाही. तिच्याआधीच बाजू संपते. खट्ट आवाज झाला आणि साइड बी सुरू झाली.