वाचलंस? मग सांग!

मुलाने गोष्टीचं पुस्तक मिटलं रे मिटलं, की मोठ्यांचा प्रश्न तयारच असतो : 'काय शिकलास यातून?' आत्तापर्यंत चोराच्या मागे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या लक्षात येतं, की अरे, आपण काहीतरी शिकायला हवं होतं! मग तो 'खोटं बोलू नये' असं ठोकून देतो. (हे उत्तर बहुतेक पुस्तकांना चालतं.) विचारणारा खूश होतो, आणि पोराच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते : पुस्तक संपलं की परीक्षा असते.

सिनेमा बघून आल्यावर कोणी आपल्याकडे दहा ओळींचा सारांश मागत नाही. वाचलेल्या पुस्तकाची मात्र वही असते. लेखकाचं नाव, आवडलेलं पात्र, नवीन शब्द, तात्पर्य आणि खाली पालकांची सही. मुलं व्यवहारी असतात. ती सगळ्यांत बारीक पुस्तक उचलतात आणि अभिप्राय मलपृष्ठावरून उतरवतात. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

वहीने जमलं नाही की बक्षीस येतं. इतकी पुस्तकं वाचा, प्रशस्तिपत्र मिळवा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ. ते दिलंही. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं रंगीत पेनांकडे कमी फिरकू लागली. ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. प्रयोग चित्रांचा होता, वाचनाचा नव्हे, हे खरं. तरी बक्षीस वाटण्याआधी आठवावा असा आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला अगदी साधा : पुस्तकं वापरण्यासाठी असतात. साधा खरा, पण किल्ली हरवलेल्या कपाटापुढे उभं राहून वाचला तर बोचणारा. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत. आपण साखळी काढली आणि कुलूप लावलं. पुस्तकं फाटतील म्हणून! अहो, फाटू द्या की. पानं दुमडलेलं, कोपरे झिजलेलं पुस्तक म्हणजे खरं तर त्या ग्रंथालयाचं प्रगतिपुस्तक. कोरी करकरीत रांग बघून उलट काळजी वाटायला हवी.

जपानमध्ये १९८८ साली एका शाळेत सुरू झालेला उपक्रम मला फार आवडतो. पुढे तो हजारो शाळांत गेला. सकाळी, तास सुरू होण्याआधी, दहा मिनिटं वाचन. नियम चारच : सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आवडेल ते वाचायचं आणि नुसतं वाचायचं. वही नाही, तात्पर्य नाही.

यातला अवघड नियम पहिला, कारण 'सगळ्यांनी' म्हणजे शिक्षकांनीही. त्या दहा मिनिटांत हजेरीपट उरकायचा नाही, वह्या तपासायच्या नाहीत. आणि वाचायचं तेही मुलांपुढे शोभेल असं भारदस्त काही नव्हे, तर स्वतःला खरोखर आवडणारं. रहस्यकथा असेल तर रहस्यकथा. घंटा झाल्यावर बाईच 'थांबा, एवढं पान होऊ दे' म्हणाल्या, तर त्यांच्या हातात कुठलं पुस्तक आहे ते पोरं माना वाकड्या करून बघणारच.