८.८.८.८ टाकलं, तरी उत्तर केबलवाल्याचंच

कर्वेनगरात भाड्याने घर घेतलं तेव्हा इंटरनेट कुणाचं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. सोसायटीत एकच केबलवाला. गच्चीवरून वायर आली, दारामागे डबी लुकलुकायला लागली, स्पीडही झकास. फक्त ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट, लावलं की हिशेबाचं फोल्डर उघडेना. ऑफिसातला आयटीवाला म्हणायचा, तुमच्या घरच्या नेटमध्ये काहीतरी आहे. मी म्हणायचे, तुमच्याच व्हीपीएनमध्ये आहे.

छडा लागला तो टायपिंगच्या चुकीने. महावितरणचं बिल भरताना पत्त्यात एक अक्षर जास्त पडलं. 'असं संकेतस्थळ नाही' असं यायला हवं होतं, तिथे जाहिरातींनी भरलेलं पान उघडलं. म्हणजे नसलेल्या नावालाही कुणीतरी पत्ता देत होतं. नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या या सेवेला डीएनएस म्हणतात. माझा लॅपटॉप ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव आधी घरच्या डीएनएसला विचारायचा. तिथून 'नाही' आलं तरच ऑफिसकडे वळायचा. इथे 'नाही' कधी येतच नव्हतं.

राउटरमध्ये केबलवाल्याच्या डीएनएसऐवजी गूगलच्या डीएनएसचा पत्ता, ८.८.८.८, टाकला. पान तेच. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ टाकला, तरी तेच. तेव्हा एक चाचणी केली, ती कुणालाही जमेल. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) लिहून एका संकेतस्थळाचं नाव १९२.०.२.१ या पत्त्याला विचारायचं. हा पत्ता फक्त पुस्तकातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुणी राहत नाही. वाट बघून बघून कमांडने हात टेकायला हवे होते. पण डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर हजर!

साध्या डीएनएसचा प्रश्न ५३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे ठरलेल्या दारातून, उघडाच जातो. मामाला लिहिलेलं कार्ड पोस्टमननेच वाचावं आणि मामाच्या नावाने उत्तर लिहून आणावं, तसा प्रकार. मामाचा पत्ता कितीही बदला, पोस्टमन तोच.

केबलवाल्याच्या मुलाला फोन केला. "ताई, स्पीड येतोय ना बरोबर?" येतोय. "मग?" त्याचंही बरोबरच होतं म्हणा. त्याला नेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीने काय लावलंय हे त्याला कुठून कळणार.

उपाय एकच, कार्डाऐवजी बंद पाकीट, म्हणजे डीएनएसचे प्रश्न मधल्या कुणाला वाचता येणार नाहीत असे कूटबद्ध करून पाठवायचे. फोनवर दोन मिनिटांत झालं. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे आकडे चालत नाहीत, 'डीएनएस डॉट गूगल' असं नाव द्यावं लागतं. मी आधी आकडेच टाकत बसले होते. हे पाकीट ८५३ पोर्टवरून जातं. फायरफॉक्स ब्राउझरमधला असाच पर्याय ४४३ वरून, म्हणजे इतर सुरक्षित संकेतस्थळांच्या गर्दीत मिसळून जातो, त्यामुळे तो वेगळा काढून अडवणं अवघड.

राहिला आईचा टीव्ही. त्यात असली सेटिंगच नाही. म्हणून तपकीर गल्लीतून जुना राउटर आणला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर चढवलं आणि अख्ख्या घराचे प्रश्न तिथूनच पाकिटात घालून पाठवायला लागले. एनएक्सडोमेन, म्हणजे 'असं नाव नाही' हे उत्तर पहिल्यांदा दिसलं तेव्हा पेढे वाटावेसे वाटले. ऑफिसचं फोल्डरही उघडलं. आयटीवाल्याची माफी मात्र अजून मागितलेली नाही.

सगळं गुप्त झालं असं नाही हं. कुठल्या संकेतस्थळाशी जोडणी होते ते केबलवाल्याला बहुतेक वेळा अजूनही दिसतं, आणि प्रश्न आता दुसऱ्या कंपनीकडे जातात. मला फक्त खरं उत्तर हवं होतं.

सहा महिने सुरळीत गेले. मग एका गुरुवारी, पुण्याच्या रिवाजाप्रमाणे, दुरुस्तीसाठी लाईट गेली. दुपारी आली, पण नेट येईना. राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पाहिलं तर राउटरच्या लेखी अजून सहा महिन्यांपूर्वीचीच तारीख होती. त्याच्यात घड्याळाची बॅटरी नाही. चालू झाला की शेवटची सेटिंग बदलली त्या तारखेपासून मोजायला लागतो. दरम्यान डीएनएस सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा मुदतीचा डिजिटल दाखला, नवं झालं होतं. राउटरच्या मते ते भविष्यातलं, म्हणून त्याने ते नाकारलं. वेळ जुळवायला टाइम सर्व्हर गाठायचा, तर त्याचं नाव शोधायला डीएनएस हवा. डीएनएसला आधी बरोबर वेळ हवी!

टाइम सर्व्हरच्या नावाऐवजी थेट आकडे लिहिले. पुढच्या गुरुवारी लाईट आली तेव्हा मी डबीसमोर उभी होते. दोन मिनिटांनी आतून आईच्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं.