तुम्ही विचारलंत म्हणून: मन दगडाचं करावं लागतं का?

मिरजेत तान्ह्या बाळांच्या विभागात नर्स आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘एवढ्याशा जिवाला सुया टोचायच्या! मन दगडाचं करावं लागत असेल ना?’ त्याला जोडून दुसरा, जरा हळू आवाजात: ‘आणि अडाणी लोकांच्या समजुतींचा वैताग येत असेल.’ एरवी मी हसून विषय बदलते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुईचं काही वाटत नाही. सुईने बाळ वाचतं. जीव जळतो तो काय करायला हवं हे पक्कं ठाऊक असून ते करता येत नाही तेव्हा. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ साली परिचारिकांवरच्या पुस्तकात या अवस्थेला ‘मॉरल डिस्ट्रेस’ म्हटलं. आमच्याकडे त्यावर उपाय एकच, ड्यूटी बदलून देतात.

समजुतींचं म्हणाल, तर तिथे वाट निघते. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून एक आजी कोरा कागद आणि पेन घेऊन काचेबाहेर उभ्या. आत बाळ वॉर्मरवर, नाकाला ऑक्सिजन. बाहेरची वस्तू बाळाजवळ ठेवता येत नाही. मी कागद-पेन बाळाच्या केसपेपरच्या फाइलीत ठेवलं आणि म्हटलं, ‘आजी, आम्हीपण याच्यावरच लिहितो.’ पटलं त्यांना. कुणाच्या आजोबांना नातवाच्या कानात अजान द्यायची असते. हात धुवा, गाऊन घाला, या. जतकडचं, अथणीकडचं कुटुंब कानडी बोलणारं असेल तर वॉर्डातल्या मावशींना हाक मारायची. गुटी मात्र नाही म्हणजे नाही. तिथे मी भांडते, आणि बहुतेक वेळा जिंकते.

वाट निघत नाही ती दुसरीकडे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, यालाच कांगारू केअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते, जन्मल्याबरोबर सुरू करा, दिवसाचे आठ ते चोवीस तास. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती आई.

आणि गाळप हंगामात आमच्याकडे येणारी आई बीडकडची ऊसतोड कामगार असते. जोडप्याने मिळून टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. एकजण जरी कामावर आला नाही तरी खाडा, आणि त्याचे पैसे उचलीबरोबर फेडायचे. अशीच एक आई बाळाला छातीशी घेऊन खुर्चीत बसलेली. बोटांना कोयत्याचे घट्टे, पदराखाली बाळाची टाळू तेवढी दिसतेय. वजन नुकतं वाढायला लागलं होतं. फोन वाजला तशी म्हणाली, ‘ताई, मुकादमाचा हाय. लई खाडं झाल्यात.’ दुपारी नवऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या फॉर्मवर अंगठा दिला. तो फॉर्म मीच पुढे करायचा असतो. कागदावर सगळं नियमाप्रमाणे. ‘पालकांनी ऐकलं नाही’ असा शेरा. (हा शेरा लिहिणाऱ्याने एकदा तरी फडावर जाऊन यावं.) तिने माझं सगळं ऐकलं होतं. छातीशी कसं धरायचं, किती वेळाने पाजायचं, मला म्हणून दाखवलं होतं.

वडील, आजी यांनाही बाळ असं धरता येतं. पण आजी गावाकडे, मोठी पोरं सांभाळत. आणि बाप बसला तर त्याचा खाडा. सांगा, यात संस्कृती कुठे आली?

पुन्हा तपासायला कधी येशील विचारलं, तर टोळी पुढच्या आठवड्यात कुठल्या शिवारात असेल हे तिला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी आईबरोबर मुकादमाचाही नंबर लिहून घेते. स्वतः फोन करते, जरा अधिकाऱ्याच्या आवाजात. ‘मॅडम, मॅडम’ करत तो दोनेक दिवस वाढवून देतो. वॉर्डातल्या काहींना हे माझं काम वाटत नाही. सीनियर सिस्टरांनी मात्र आता वॉर्डचा फोन मला वापरू दिलाय.