चंद्रकळेचा चौकोन

रविवार, रात्री साडेदहा

आज गोधड्या आत घेतल्या. माघ सरला की दोन दिवस अगाशीत ऊन द्यायचं आणि पेटीत टाकायच्या, ही आईची शिस्त. इतकी वर्षं मी ती डोकं न लावता पाळली. यंदा डोकं लागलं, ते गेल्या आठवड्यात इथल्या, बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या एका मुलीचं काम बघितल्यामुळे.

तिनं भिंतीवर गोधडी टांगली होती. वर विरलेली मलमल, आत जुनी वीजबिलं आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स. टाके मुद्दाम वाकडे. पहिल्यांदा मनात आलं, आजीनं असा धावदोरा घातला असता तर पणजीनं सगळा उसवायला लावला असता. पण पंख्याच्या वाऱ्यानं ती हलली की आतला कागद कुरकुरायचा, आणि मलमलीतून कुणाचा तरी घर नंबर पुसट दिसायचा. दहा मिनिटं मी तिथून हलले नाही. सोबतची मैत्रीण म्हणाली, पांघरता येत नाही ती कसली गोधडी? मला वाटतं, थर असले आणि त्यांना धरून ठेवणारा दोरा असला की झाली गोधडी. याच फाइन आर्ट्समध्ये शिकलेल्या मृणालिनी मुखर्जींनी तागाच्या दोऱ्यांना गाठी मारमारून माणसापेक्षा उंच शिल्पं केली, तेव्हाही कुणीतरी विचारलंच असेल, ही कसली शिल्पं म्हणून.

घरी आल्यावर आजीची गोधडी पलंगावर पसरली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. एरवी ती कायम अंगावर नाहीतर अंगाखाली.

1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं हेच केलं होतं. जुन्या अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर लावल्या. लोक चकित झाले. पण त्यातल्या बहुतेक शिवणाऱ्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, आणि मला ते खुपतं. चौकोनांचं, रंगांचं कौतुक करायचं, आणि हात कुणाचे होते ते विचारायचंच नाही.

त्यापेक्षा हॅरिएट पॉवर्सची गोष्ट मला धरून बसली आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियातली, गुलामगिरीत जन्मलेली बाई. बायबलमधल्या गोष्टी कापडाची चित्रं कापून तिनं गोधडीवर जोडल्या. 1886 साली अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती गोधडी जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी पाहिली आणि मागितली. हॅरिएट देईना. पुढे दिवस फिरले, तेव्हा पाच डॉलरला द्यावी लागली. दिल्यावरही ती अधूनमधून गोधडीला भेटायला जायची! लेक सासरी दिल्यासारखं. जेनीनं एक काम चोख केलं: अकराही चित्रांचा अर्थ हॅरिएटकडून समजून घेऊन लिहून ठेवला. ती गोधडी आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे, आणि ते लिहिलेलं आहे म्हणून आज वाचता येते.

म्हणून आज दुपारी आत्याला बोलावलं. वय चौऱ्याऐंशी, पण बोटानं एकेक तुकडा चाचपत गेली. ही आईची इरकल. हा काकांचा फेटा, ‘राजवाड्यात जाताना बांधायचे तो.’ हे माझं परकर-पोलक्याचं चीट. एका निळ्या तुकड्यावर थांबली आणि म्हणाली, ‘हे राहू दे.’ मीही विचारलं नाही. वहीत ‘निळा, तिसरी ओळ’ एवढंच लिहिलं.

चंद्रकळेचा चौकोन मात्र हात लावताच भुगा होऊन सांडला. शेजारचं लाल अजून ठणठणीत. पूर्वी काळा रंग लोखंडाच्या पाण्यानं धरायचे, आणि तेच लोखंड वर्षानुवर्षं सूत खात राहतं. त्यात मी ती दर वर्षी त्याच घडीवर घडी घालून ठेवलेली, वर डांबराच्या गोळ्या. आता मऊ धुतलेल्या चादरीसकट गुंडाळून ठेवणार. चंद्रकळेवर नवं ठिगळ लावणार नाही. वरून पातळ जाळी टाचेन, काळं आहे तेवढं आत राहील. शेजारच्या बेन म्हणाल्या, एवढा खटाटोप कशाला, मंगळबाजारात नवी रजई मिळते. त्यांच्याकडे डामचियावर, म्हणजे गाद्या-गोधड्या रचायच्या लाकडी घडवंचीवर, गोदडांची चळत छताला टेकलीय, त्यांना काय!

मग मागच्या बाजूला नावाची पट्टी लावायचं ठरलं. सुती पट्टी कापली, दोरा ओवला आणि आत्याला विचारलं, आजीचं नाव काय घालू?

‘कुठलं? सासरचं माहीतच आहे तुला. पण ही तर लग्नाआधी मिरजेत शिवायला घेतलेली. अर्धी तिथली, अर्धी इथली.’

‘मग माहेरचं सांग.’

आत्या बराच वेळ पंख्याकडे बघत बसली. मग मिरजेच्या मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या वह्यांत बघून सांगतो.

पट्टी कोरीच आहे. सुई काढून ठेवली. कापडात राहिली तर गंजाचा डाग पडतो.