आमची वाटचाल : थंड ठेवण्याचा धंदा

पहिल्या वर्षी आम्ही १० मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट ओतली आणि ती ८ मिलिमीटरची निघाली. साच्याच्या दोन काचांमधलं अंतर मी स्वतः मोजलं होतं. कुठे गळती नव्हती, काही सांडलं नव्हतं. मी हिशेब बघणारी, त्यामुळे डोक्यात पहिला विचार आला तो चोरीचा. दादा रसायनशास्त्र शिकलेला. तो हसला आणि म्हणाला, "अगं, चोरी नाही. रेणू जवळ आलेत."

आमचा कच्चा माल म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, पाण्यासारखा पातळ आणि उग्र वासाचा द्रव. त्याची घनता ०.९४. त्याचीच शीट झाली की घनता १.१८ च्या पुढे जाते. वजन तेवढंच राहतं, जागा मात्र पाचव्या हिश्श्याने कमी लागते. द्रवातले रेणू एकमेकांपासून जरा अंतर राखून असतात, साखळीत गुंफले की त्या अंतराच्या जागी पक्का बंध येतो. तेव्हापासून १० ची शीट हवी असेल तर साडेबाराचं गॅस्केट, म्हणजे दोन काचांमध्ये कडेने बसणारी पट्टी, हे भिंतीवर लिहून ठेवलं. गॅस्केट मऊ हवं, हे कळायला आणखी काही शीट वाया जाव्या लागल्या. कडक गॅस्केट लावून क्लॅम्प आवळले की काचांना जवळ सरकता येत नाही. मग आतला माल आक्रसताना काचेपासून सुटतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात.

पाठ्यपुस्तकात रेणूंच्या अशा साखळीला बहुवारिक म्हणतात आणि तिच्या घटकाला एकवारिक. आमच्या शेडमध्ये पॉलिमर आणि मोनोमरच चालतं. आमच्या मोनोमरमध्ये दोन कार्बन दुहेरी बंधाने बांधलेले असतात. आम्ही त्यात चिमूटभर इनिशिएटर टाकतो. किंचित ऊब मिळाली की त्याचा रेणू फुटतो आणि एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे तुकडे तयार होतात. असा तुकडा दुहेरी बंधावर आदळतो, बंधाची एक बाजू उघडते, दोघं जोडले जातात आणि एकटेपणा पुढच्या टोकाला सरकतो. ते टोक पुढचा रेणू धरतं, मग त्याच्या पुढचा. एका मोनोमरचं वजन १०० धरलं, तर आमच्यासारख्या ओतीव शीटमधल्या साखळीचं वजन दहा लाखांच्या घरात जातं. म्हणजे एकेका साखळीत दहा-दहा हजार मणी.

साखळ्या खरोखरच एवढ्या लांब असतात, हे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं, तेव्हा अनेक जाणत्या रसायनतज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. छोटे रेणू नुसते घोळक्याने राहतात, असा तेव्हाचा समज. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं १९५३ मध्ये. एखाद्याची उधारी थकली की दादा मला ही तेहतीस वर्षं ऐकवतो.

आमची खरी परीक्षा झाली २५ मिलिमीटरच्या पहिल्या ऑर्डरला. तोवर ३ आणि ५ मिलिमीटरच्या शीट सुखाने निघत होत्या. साचे पाण्याच्या टाकीत उभे करायचे, पाणी ५०-६० अंशांवर ठेवायचं, सकाळी काढायचे. जाड शीटसाठी दादाने पाणी ४५ च्या वर न्यायचं नाही असं बजावलं आणि तो बाहेरगावी गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत साच्यातला माल नुसता मधासारखा दाट झालेला. माल पोचवायची तारीख माझ्या डोक्यावर. मी टाकीवरच्या मुलाला म्हटलं, "वाढव थोडं." तो म्हणाला, "ताई, दादांनी नको सांगितलंय." मी म्हटलं, "मी सांगतेय ना."

रात्री एक काच तडकल्याचा आवाज आला. सकाळी साचे उघडले तेव्हा कडा स्वच्छ पारदर्शक आणि मधोमध पांढरा फेस गोठलेला, साबणाचा असावा तसा.

दादाने परत आल्यावर रागावण्याऐवजी कागद ओढला. ते मला जास्त लागलं. एक किलो मोनोमरची साखळी होताना साधारण ५७० किलोज्यूल उष्णता सुटते. दीड लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला ती पुरेल. पातळ शीटमधून ही उष्णता काचेतून पाण्यात निघून जाते, जाड शीटच्या पोटातून लवकर निघत नाही. आणि हे काम एकसारख्या वेगाने होत नाही. एरवी दोन साखळ्यांची जिवंत टोकं एकमेकांना भेटली की दोन्ही मरतात. त्यावरच वेग आटोक्यात असतो. माल दाट झाला की लांब साखळ्यांना हलता येत नाही, टोकं भेटत नाहीत, म्हणून मरतही नाहीत. छोटा मोनोमर मात्र अजून सहज सरकतो आणि त्या टोकांना खाऊ मिळत राहतो. म्हणजे दाटपणा वाढला की काम मंदावायच्या ऐवजी उधळतं. नॉरिश आणि स्मिथ यांनी १९४२ मध्ये आणि ट्रॉम्सडॉर्फ यांनी १९४८ मध्ये हे दाखवलं. पुस्तकात त्याला जेल परिणाम म्हणतात. मी पाणी तापवलं ते नेमकं त्या वळणावर. पोटातलं तापमान १०१ अंशांच्या पुढे गेलं असणार, कारण तिथे मोनोमर उकळतो. तो फेस म्हणजे उकळीचे बुडबुडे.

"आपला धंदा तापवण्याचा नाही, थंड ठेवण्याचा आहे," दादा म्हणाला. ती ऑर्डर गेली. त्यानंतर आम्ही आधी वेगळ्या भांड्यात थोडा मोनोमर साखळ्यांत बदलून सिरप करायला लागलो. आक्रसणं आणि उष्णता, दोन्हींचा थोडा हिस्सा बाहेरच उरकतो. टाकीत पाणी फिरवणारा पंप बसवला. जाड शीटमध्ये इनिशिएटर कमी टाकतो आणि तिला टाकीत दिवसच्या दिवस ठेवतो.

हवेचं प्रकरण मला अजून गमतीचं वाटतं. ओतण्याआधी आम्ही सिरपमधली हवा पंपाने ओढून काढतो, कारण ऑक्सिजन त्या जिवंत टोकांना चिकटून त्यांना सुस्त करतो आणि बुडबुडेही राहतात. पिंपात मात्र हवा लागतेच. मोनोमर वाटेत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात इनहिबिटर घातलेला असतो आणि तो ऑक्सिजनच्या जोडीनेच काम करतो. एकदा एका नव्या पुरवठादाराने पिंपं तोंडापर्यंत भरून पाठवली. "एवढा जास्त माल कोण देतं," म्हणून मी खूश झाले, दादाने तेवढ्याच तातडीने प्रत्येकातला थोडा माल काढून वर मोकळी जागा केली आणि पिंपं सावलीत हलवली.

सुरुवातीच्या शीटना वास येतो, अशी तक्रार यायची. टाकीत शेवटचा थोडा मोनोमर तसाच राहतो. माल इतका घट्ट होतो की त्यालाही हलता येत नाही. शीट ओव्हनमध्ये १०५ अंशांच्या वर नेली की साखळ्या सैलावतात आणि तो अडकलेला मोनोमरही जोडला जातो. ओव्हन घेतला, तक्रारी थांबल्या.

नायलॉनचे रॉड का करत नाही, असं बरेच जण विचारतात. नायलॉनची साखळी वेगळ्या वाटेने होते. वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये जे नायलॉन ६६ झालं, त्यात दोन वेगवेगळे घटक आळीपाळीने जोडले जातात आणि प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आमच्याकडे दहा टक्के मोनोमर संपला तरी त्या दहा टक्क्यांच्या साखळ्या पुऱ्या लांबीच्या असतात. तिथे ९९ टक्के जोडण्या झाल्या तरी साखळीत सरासरी शंभरच घटक येतात, तेही दोन्ही घटक काटेकोर समप्रमाणात असतील तर. शिवाय पाणी सतत काढत राहायचं. आमच्या भांड्यांत ते जमणारं नाही.

सध्या डोकं घालतोय ते कापलेल्या कडांमध्ये. ॲक्रिलिक खूप तापवलं की साखळी टोकापासून एकेक मणी सोडत जाते आणि पुन्हा मोनोमर मिळतो. पॉलिथिलीन असं करत नाही, ते कुठेही तुटतं. आमच्या कडा हे काम करणाऱ्यांकडे जातात. मागे त्यांच्याकडून परत आलेल्या मोनोमरची शीट ओतली, तर तिला हलकी पिवळी झाक आली. काळ्या शीटमध्ये आता तोच वापरतो. पारदर्शक शीटसाठी दादा तो पुन्हा शुद्ध करून बघतोय आणि मी टाकीच्या तापमानाला हात लावत नाही.