पिओलाची वही, तिसरा टप्पा: 274 जुळले

मंडळी, जुना इटालियन फुटबॉलपटू सिल्व्हियो पिओला याच्या सामने आणि गोल नोंदवायच्या वहीतलं सगळ्यात चिवट पान काल रात्री पूर्ण झालं. तीन आठवडे अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. जुन्या खेळाडूंच्या वह्या करणाऱ्या बाकीच्यांना हाच खड्डा लागेल.

इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे सेरी आमध्ये, सर्वाधिक गोल आजही पिओलाच्या नावावर आहेत: 537 सामन्यांत 274. दुसऱ्या क्रमांकावरचा तोत्ती 250 वर थांबला, यावरून या आकड्याचं वजन कळतं. पण काही जुन्या तक्त्यांत 290 छापलेलं असतं. फरक 16 चा. हे 16 आले कुठून?

मी आधी बोट ठेवलं नोव्हारावर. 1947-48 मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. चौतिशीतला पिओला तिथे गेला, त्याने 16 गोल केले आणि क्लब वरच्या श्रेणीत परतला. सोळाच! कोडं सुटलं असं समजून मी पेनाने लिहूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी युव्हेंटसचा हिशेब मांडताना 1945-46 च्या रकान्यातही 16 च निघाले. दोन वेगळे हंगाम, दोन वेगळे क्लब, आकडा एकच. पेनाने लिहिलेलं खोडावं लागलं.

खरा फरक युव्हेंटसच्या त्या हंगामाचा आहे. युद्ध नुकतंच संपलेलं, रेल्वे आणि पूल उद्ध्वस्त. त्यामुळे उत्तरेतले क्लब एका गटात, मध्य आणि दक्षिणेतले दुसऱ्या गटात खेळले. दक्षिणेच्या गटात दुसऱ्या श्रेणीचे क्लबही होते. एका गटातली नेहमीची लीग नव्हती, म्हणून अधिकृत मोजणीत ते गोल धरत नाहीत. धरले तर 290, नाही धरले तर 274. माझी अंतिम मांडणी अशी: प्रो व्हेर्चेल्लीकडून 127 सामन्यांत 51, लाझिओकडून 227 मध्ये 143, युव्हेंटसकडून 28 मध्ये 10, नोव्हाराकडून 155 मध्ये 70. सामने आणि गोल दोन्ही बेरजा तंतोतंत बसतात. ती शेवटची ओळ लिहिताना झालेला आनंद इथे सांगितला तरच कुणाला कळेल.

1943-44 ला मात्र वेगळं पान दिलंय. सप्टेंबर 1943 च्या युद्धबंदीनंतर देशाचे दोन तुकडे झाले, पिओला उत्तरेत राहिला आणि लाझिओऐवजी तोरिनोकडून खेळला. त्या वर्षीची उत्तरेची स्पर्धा जिंकली ला स्पेत्सियाच्या अग्निशमन दलाच्या संघाने! त्या हंगामाचे गोल कुठल्याच बेरजेत येत नाहीत. आपल्या उमेदीची वर्षं युद्धाला देऊनही हा माणूस पहिल्या क्रमांकावर आहे, हे मला आकड्याहून मोठं वाटतं.

आता खेळाबद्दल. या टप्प्यात मी 1938 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली इटलीची रचना कॅरमबोर्डवर मांडून पाहिली. पांढऱ्या नऊ सोंगट्या, गोलकीपर ओलिव्हिएरीसाठी एक शर्टाचं बटण आणि पिओलासाठी लाल राणी. मागे फोनी आणि राव्हा. त्यांच्यापुढे सेरान्तोनी, आन्द्रेओलो, लोकातेल्ली. मग थोडे मागे सरकलेले मेआत्सा आणि फेरारी, सगळ्यात पुढे बियाव्हाती, पिओला, कोलाउस्सी. प्रशिक्षक पोत्सोची ही दोन-तीन-दोन-तीन मांडणी तुम्हाला पाठ असेल. पण सोंगट्या ठेवल्यावर दिसतं की राणी किती एकटी आहे. जवळचे दोघे मागे, बाजूचे दोघे पार रेषेला चिकटलेले. मधल्या जागेत दोन बॅक, म्हणजे बचावपटू, अंगावर घेऊन उभं राहायचं, उंच आलेला चेंडू डोक्याने किंवा छातीने खाली घ्यायचा, मागून येणाऱ्या मेआत्साला द्यायचा आणि लगेच गोलकडे वळायचं. नुसत्या चपळ खेळाडूचं हे काम नव्हे. पिओला उंच, हाडापेराने दणकट, दोन्ही पायांनी मारणारा, हेडरमध्ये जबर, आणि पाठ गोलकडे असतानाही उलटी किक मारणारा. मेआत्सा चेंडूशी खेळायचा, बॅकला झुलवायचा. पिओला त्याच बॅकला खांद्याने बाजूला सारायचा. मला स्वतःला पिओला जास्त भावतो. दुसऱ्यासाठी जागा करून देणारा स्ट्रायकर एवढे गोलही करतो, हे क्वचित घडतं.

त्या विश्वचषकात त्याचे 5 गोल. मार्सेलमध्ये नॉर्वेविरुद्ध जादा वेळेतला विजयी गोल, यजमान फ्रान्सविरुद्ध 2, आणि 19 जूनला अंतिम सामन्यात पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर हंगेरीविरुद्ध 4-2 मध्ये 2. ब्राझीलविरुद्ध गोल नाही, पण त्यांच्या बचावपटू दोमिंगोसने त्याला पाडलं म्हणून मिळालेल्या पेनल्टीवर मेआत्साने गोल केला. गोलच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही, म्हणून मी वहीत 'मिळवून दिलेले' असा वेगळा रकाना आखलाय.

देशासाठी एकूण 34 सामन्यांत 30 गोल. पहिला सामना मार्च 1935 मध्ये व्हिएन्नात, ऑस्ट्रियाविरुद्ध 2-0, दोन्ही गोल त्याचे. शेवटचा मे 1952 मध्ये फ्लोरेन्सला इंग्लंडविरुद्ध, वय 38.

एक डाग आहे, तोही नोंदवलाय. मे 1939, मिलान, इंग्लंडशी 2-2. त्यातला पिओलाचा गोल हाताने झाला होता आणि हात तसाच पुढे जाऊन इंग्लंडचा बॅक जॉर्ज मेल याच्या डोळ्यावर बसला. पंचांनी गोल दिला. पुढे कित्येक वर्षांनी पिओलाने कबूल केलं. 30 मध्ये तो धरलाय, शेजारी तांबडी फुली.

चौथ्या टप्प्यात 29 ऑक्टोबर 1933: प्रो व्हेर्चेल्ली 7, फिओरेन्तिना 2, त्यातले सहा वीस वर्षांच्या पिओलाचे. सेरी आच्या एका सामन्यात सहा गोल त्याच्याशिवाय फक्त युव्हेंटसच्या सिव्होरीने केलेत. शिवाय मार्च 1941 ची रोमाविरुद्धची लढतही त्यातच घेईन. डोकं फुटलं, टाके घातले, पट्टी बांधून पिओला परत आला आणि लाझिओ त्याच्या दोन गोलांवर 2-0 जिंकलं. त्यासाठी कॅरमबोर्ड अजून आवरलेला नाही.