तो एकटाच का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या घरच्या समुद्री माशांच्या टाकीसमोर उभं राहिलेलं माणूस पहिल्यांदा निळ्या उजेडाचं कौतुक करतं आणि मग हमखास विचारतं, "हा हिरवा मासा एकटाच का? बाकीचे कुठे गेले? त्याला जोडीदार का नाही आणत?" मावशी विचारते, सोसायटीतली मुलं विचारतात. ज्यांच्या स्वतःच्या घरी समुद्री टाक्या आहेत तेही विचारतात, आणि मला राग येतो तो त्यांचा. कारण बाकीचे कुठे जातात हे त्यांनी आपापल्या टाकीत पाहिलेलं असतं.

तर हा ग्रीन क्रोमिस. दुकानात हा थव्याने राहणारा शांत मासा म्हणूनच विकतात, आणि तिथे तो तसा असतोही. दाटीवाटीच्या टाकीत, नुकत्याच प्रवासातून आलेल्या, घाबरलेल्या माशांपैकी कुणालाच आपली जागा धरता येत नाही. घरी आल्यावर ती धरता येते. थव्याने राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या निऑन टेट्रांचं उदाहरण कृपया देऊ नका. क्रोमिस डॅमसेल या भांडखोर माशांच्या कुळातला आहे, आणि निळी डॅमसेल पाळलेल्या कुणालाही त्या कुळाबद्दल वेगळं सांगायला नको.

लक्षद्वीपला कदमतच्या उथळ पाण्यात मी हेच मासे पाहिले आहेत. फांद्यांच्या प्रवाळावर हिरवा ढग तरंगत असतो. प्रवाहासोबत येणारे प्लवंग, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, प्रत्येक जण टिपत असतो. मोठ्या माशाची सावली पडली की सगळा ढग क्षणात फांद्यांमध्ये शिरतो. पूर्वी मला वाटायचं की हे एकमेकांच्या ओढीने एकत्र राहतात. आता वाटतं, त्यांना वरून भीती धरून ठेवते आणि समोरून अन्न. माझ्या साडेचारशे लिटरच्या टाकीत भक्षक नाही, आणि अन्न येतं ते माझ्या हातून, ठरल्या वेळी. भीती गेली, अन्नाचा प्रवाह आटला की मागे उरते ती फक्त उतरंड.

ती उतरंड कशी चालते ते सांगते, कारण "मारामारी करतात का?" या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तरच नाही. सगळ्यांत मोठा मासा फारसा चावत नव्हता. तो नुसता वळून अंगावर यायचा. सगळ्यांत लहान मासा मग वरच्या कोपऱ्यात, पाणी परत येतं त्या पाइपमागे जाऊन राहायचा. मी मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खायला टाकले की बाकीचे झेपावायचे. हा अर्ध्यापर्यंत यायचा, मोठ्याची कूस दिसली की परत फिरायचा. शेपटी फाटत गेली, पोट आत गेलं. मी वेव्हमेकरची, म्हणजे टाकीत लाटा करणाऱ्या पंपाची, दिशा बदलली, खडक नव्याने रचला, थोडं थोडं पण जास्त वेळा खायला घालू लागले. शेवटी एका रात्री, टाकीचे दिवे बंद झाल्यावर क्रोमिस आपापल्या कपारीत झोपतात तेव्हा, टॉर्च घेऊन मोठ्याला जाळीत धरलं आणि ओळखीच्यांच्या टाकीत नेऊन सोडलं.

काही दिवस खरंच शांतता होती. लहानगा कोपरा सोडून खाली आला, इतरांसोबत खाऊ लागला. मी सगळ्यांना सांगत सुटले की तो एकच मासा दुष्ट होता. मग दुसऱ्या क्रमांकाचा मासा वळून अंगावर येऊ लागला. अगदी तसाच, त्याच कोनात. तोवर हा मासा मी सगळ्यांत गरीब समजत होते. लहानगा पुन्हा पाइपमागे गेला आणि पुढच्या आठवड्यात सकाळी तिथेच मेलेला सापडला. त्याच्यानंतर त्याच्या वरच्याची पाळी, मग त्याच्या वरच्याची. दुष्ट कुणी नव्हतं. जागा रिकामी झाली की कुणीतरी ती भरत होतं.

पण इथेच माझं मलाच पटेनासं होतं. त्या लहान माशाच्या कुशीवर लालसर चट्टा होता. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीने कातडीचा ओरखडा स्लाइडवर घेतला, तर केसाळ कडांचे सूक्ष्म जीव वळवळत होते. युरोनेमा हा परजीवी असावा; क्रोमिसमध्ये तो नेहमी आढळतो आणि आतपर्यंत शिरला की औषध फारसं चालत नाही. मग त्याला इतरांनी मारलं, की आधीच आजारी होता म्हणून इतरांनी हाकललं? उपाशी राहून दुबळा झाला म्हणून रोग चढला? "ते एकमेकांना संपवतात" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ठामपणे म्हणत आले. आजही म्हणते, पण तेवढ्या जोराने नाही.

अनुभवी लोक सुचवतात, एक मोठा भक्षक मासा सोड, थवा आपोआप बांधला जाईल. बांधला जाईलही. पण समुद्रात सावली येते आणि निघून जाते. टाकीत ती काचेच्या आत कायमची राहणार. नुसतं बघायला छान दिसावं म्हणून मी कुणाला चोवीस तास धास्तीत ठेवणार नाही. यावर एक जण म्हणाला, "ताई, मग धास्ती काढून घेऊन तू त्यांचं काय भलं केलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो मला आवडलेलाही नाही.

दुसरे मासे घे, असंही सुचवतात. अँथियास हे थव्याने राहणारे प्रवाळावरचे मासे, पण त्यांना दिवसातून अनेकदा खाऊ लागतं. मी नोकरी करते. बंगाई कार्डिनल हा मासा दिसायला फार देखणा. नर अंडी तोंडात धरून पिल्लं वाढवतो, त्यामुळे टाकीत जन्मलेले मासेही मिळतात. पण घोळक्यात एक जोडी जमली की बाकीच्यांना ती जगू देत नाही. सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांवरून आमच्यासारख्यांसाठी इतके उपसले गेले की 2007 मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना संकटग्रस्त यादीत टाकलं. क्रोमिस तर जवळजवळ सगळेच समुद्रातून पकडलेले असतात. त्यामुळे "एक आणून बघ ना" हे मला सहज म्हणता येत नाही.

आणि हा उरलेला? खातो, रंग उजळ आहे, दिवसा मोकळ्या पाण्यात फिरतो. तो एकाकी आहे का, ते मी माशाच्या वतीने सांगणार नाही. पुण्यातल्या एका मित्राच्या सहा फुटी टाकीत क्रोमिसचा गट अजून टिकून आहे. त्याने आणल्यावर सगळे आधी वेगळ्या टाकीत औषधपाण्यावर ठेवले होते, आणि खाऊ घालणारं यंत्र दिवसभर थोडं थोडं टाकत असतं. दर महिन्याला मी त्याला मोजून कळवायला सांगते. ते पूर्ण वाढेपर्यंत तितकेच राहिले तर मी वर लिहिलेलं बरंचसं मागे घेईन. तोवर जोडीदार आणणार नाही.